शाळेमागचा वाफा आणि रंगवलेला भोपळा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला
(जिना चढून डावीकडे, पंखा कुरकुरतो ती खोली)

अर्जदार : शाळेसमोरच्या गल्लीतला पाट्या रंगवणारा पेंटर, वय बावन्न.

विषय : पहिलीच्या वर्गामागचा भाजीचा वाफा फरशी टाकून बुजवू नये, चित्रकलेचा तास बंद करू नये, बाईंची बदली करू नये, आणि गहाळ दाखवलेले सतरा टोमॅटो व एक भोपळा अर्जदाराच्या नावावर घ्यावेत, याबाबत.

संदर्भ : १) पहिल्या तपासनीस साहेबांचा शेरा : "टोमॅटो सतरा, भोपळा एक (मोठा). परसबाग उत्तम."
२) दुसऱ्या तपासनीस साहेबांचा शेरा : "परसबाग नाही. दगड आहेत. उजव्या पायाचा अंगठा सुजला."
३) आपल्या कार्यालयाचं बाईंना आलेलं पत्र.
४) माझी आणि टेलरची पैज (तोंडी, साक्षीदार इस्त्रीवाला).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो, तो खालीलप्रमाणे. अर्ज लांबला आहे, पण साहेब, शेवटपर्यंत वाचावा. सोमवारी फरशीवाले येणार आहेत आणि माझ्याकडे दुसरा उपाय उरलेला नाही.

१. या सगळ्याची सुरुवात एका फालतू पैजेतून झाली, हे आधीच कबूल करतो. माझ्या दुकानाला लागून टेलरचं दुकान आहे. एका सकाळी पहिलीच्या बाई त्याच्याकडे चिंध्या मागायला आल्या. पोरांकडून चिंध्या चिकटवून चित्रं करून घ्यायची होती. जाता जाता म्हणाल्या, वर्गामागं मोकळी जागा आहे, तिथं पोरांना भाजी लावायला द्यायची आहे. बाईंची पाठ वळली आणि टेलर हसत सुटला. सदर जागेत शाळेचा संडास बांधला तेव्हाचा सगळा राडारोडा पडलेला. विटांचे तुकडे, फुटकी कौलं, दगड झालेलं सिमेंटचं अर्धं पोतं. टेलर म्हणाला, "तिथं गवताची काडी जरी उगवली ना, तरी मी कात्री ठेवून देईन."

मला बागेतलं ओ की ठो कळत नाही. पण टेलरनं हो म्हटलं की माझ्या तोंडून नाही निघतं, त्याला माझा इलाज नाही. मी म्हणालो, नव्वद दिवसांत तिथं लाल टोमॅटो दाखवतो. इस्त्रीवाला साक्षीला उभा राहिला. अटी अशा ठरल्या : हरेल त्यानं नव्वदाव्या दिवशी त्याच वाफ्यात, सगळ्या शाळेदेखत, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बुजगावणं होऊन उभं राहायचं. हात आडव्या बांबूला बांधलेले, डोक्यावर पालथं मडकं. मधल्या सुट्टीत हात सोडायचे. हलायचं नाही, बोलायचं नाही. हलला किंवा बोलला, तर शाळेच्या पुढच्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. ही शेवटची अट मीच घातली, कारण टेलरला पाच मिनिटं गप्प बसवत नाही. साहेब, ही अट ध्यानात ठेवावी. पुढं लागणार आहे.

२. राडारोडा मी उपसला. बाईंना मदत म्हणून नव्हे, टेलरला हरवायचं म्हणून. हेही खरं तेच लिहितो. पण त्या निमित्तानं रोज आत जाणं झालं आणि बाई काय करतात ते बघितलं. आपल्या दोन्ही तपासनीसांनी ते बघितलेलं नाही, म्हणून मी सांगतो.

बाईंनी प्रत्येक पोराला वीतभर जमीन दिली. रोज सकाळी पोरं रद्दी कागद आणि कोळसा घेऊन आपापल्या रोपापुढं उकिडवी बसायची. नियम एकच : आधी बघायचं, मग काढायचं, मग पाणी घालायचं. न बघता पाणी घातलं तर बाई डबा काढून घ्यायच्या. रंग पोरं स्वतः करायची. विटेचा लाल, पाल्याचा हिरवा, हळदीचा पिवळा. एकेका पानाची चाळीस चाळीस चित्रं झाली आणि साहेब, एकही दुसऱ्यासारखं नाही. मी तीस वर्षं पाट्यांवर पानं-फुलं रंगवतोय. टोमॅटोच्या पानाला कडेला दाते असतात, हे मला सहा वर्षांच्या पोरांनी दाखवलं.

त्यात एक 'चावरा' आहे. हे त्याचं वर्गातलं नाव. तो सगळ्यांना चावायचा. आधीच्या सरांनाही चावला होता. बाईंनी त्याला ढेकळं फोडायचं काम दिलं आणि सांगितलं, "दातांचं काम आता हातानं कर." तो चावायचा थांबला. पोरांच्या आया बाईंना विचारायला लागल्या, की घरी ढेकळं आणून ठेवू का.

आणि एक 'मुंगी' आहे. सगळ्यांत बारकी पोरगी. शाळा सुरू झाल्यापासून महिनाभर ती रोज फाटकाचा गज धरून रडायची. आई एक बोट सोडवायची तोवर दुसरं बोट गच्च. बाईंनी तिच्या वाट्याच्या जमिनीत भोपळ्याचं बी टाकलं. तिसऱ्या दिवशी मुंगीनं गज सोडला, कारण बी वर आलं का ते बघायचं होतं. त्यानंतर आई मागं राहायची आणि ही पुढं पळायची.

३. आता माझा गुन्हा.

दोन महिने होत आले. पाला मजबूत, फळाचा पत्ता नाही. भोपळ्याच्या वेलाला नुसती फुलं. टेलर येता-जाता गळ्यातली टेप काढून रोपं मोजायचा आणि म्हणायचा, "बाही अजून आखूडच आहे रे, पेंटर!" साहेब, माझ्या हाताला जुनी खाज आहे. मी एकदा इस्त्रीवाल्याच्या भिंतीवर पाल रंगवली होती, तो तिला दोन दिवस चपलेनं मारत होता. शाळेच्या कुंपणभिंतीवर मी दार रंगवलं होतं, तर पोस्टमन त्याची कडी वाजवायला गेला होता. तर सत्तावन्नाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी सतरा गोटे लाल रंगवले आणि एक मोठा दगड भोपळ्यासारखा. ऑइलपेंटमध्ये. प्रत्येक टोमॅटोवर उजेडाचा पांढरा ठिपका, भोपळ्याला उभ्या फाका, वर देठ. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम ते. वाफ्यात मांडून ठेवलं. सोमवारी सकाळी टेलरचं तोंड बघायचं, पोटभर हसायचं आणि उचलून आणायचं, एवढाच बेत होता.

टेलर फसला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मानलं तुला." मी हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात पहिले तपासनीस साहेब आले. त्यांचे बूट कोरे होते आणि वाफ्यात चिखल होता. त्यांनी वर्गाच्या उंबऱ्यातूनच बोटानं मोजलं, सतरा आणि एक, आणि शेरा लिहिला. मी मधे बोलायला हवं होतं. नाही बोललो. सरकारी माणूस माझे दगड मोजतोय, याची मला गुदगुली झाली. ती गुदगुली आज मला खाते.

४. त्या दिवशी बाई कुठं होत्या? आपल्याच कार्यालयात होत्या, साहेब. त्याच सोमवारपासून तीन आठवडे त्यांना आनंददायी शिक्षणाच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. बंद हॉलमध्ये खुर्चीवर बसून. आपली हजेरीवही काढून बघावी. रोजची सही आहे. म्हणजे दगड ठेवले तेव्हा बाई नव्हत्या, मोजले तेव्हा नव्हत्या, आणि पोरांनी त्या दगडांना पाणी घातलं तेव्हाही नव्हत्या. वर्ग चौथीचे सर सांभाळत होते आणि सर मागच्या दारातून बाहेर येत नाहीत, कारण तिथं गांधीलमाशी असते.

५. दगड उचलायचे राहिले, त्याचं कारण मुंगी. सोमवारी दुपारी मी पिशवी घेऊन गेलो, तर ती भोपळ्याला मिठी मारून बसली होती. म्हणाली, "काका, हा माझ्या बीचा." मी मनात म्हटलं, उद्या सांगू.

उद्या नाही सांगितलं. परवाही नाही. ती रोज त्याला बघायची, काढायची, पाणी घालायची. आठवड्यानं म्हणाली, "काका, हा मोठाच होत नाही." तिचे डोळे भरले होते. आणि मी, साहेब, पुन्हा तेच केलं. थोडा मोठा दगड आणला, तसाच रंगवला आणि जुन्याच्या जागी ठेवला. तिनं आनंदानं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. पुढच्या आठवड्यात आणखी मोठा. तो तर इस्त्रीवाल्याच्या गाडीवरून आणावा लागला. पोरीचं हसू टिकावं म्हणून करतोय, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे माझं काम जमतंय याचीच मजा येत होती.

चावऱ्याला मात्र कळलं होतं. त्यानं एक टोमॅटो चावून बघितला आणि हलणारा दात पडला. न चावण्याचा बाईंना दिलेला शब्द मोडला म्हणून देवानं दात घेतला, असं त्याला वाटलं. दात चड्डीच्या खिशात लपवून गप्प बसला. तोंड उघडलं ते मागच्याच आठवड्यात. तेव्हा वर आणखी म्हणाला, "काका, तुमच्या टोमॅटोवरचा उजेड चुकीच्या बाजूला आहे. ऊन तर इकडून येतं." आपल्या दोन तपासनीसांना जे दिसलं नाही, ते बाईंच्या पहिलीतल्या पोराला दिसलं. चित्रकलेच्या तासाचा उपयोग काय, असं आपल्या पत्रात विचारलं आहे. हा उपयोग.

६. बाई प्रशिक्षणावरून परत आल्या त्याच सकाळी दुसरे तपासनीस साहेब फोटोवाल्याला घेऊन हजर. आदर्श परसबागेचा फोटो हवा होता. बाईंनी अजून पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. साहेबांनी भोपळा हातात घेऊन फोटो काढायचा ठरवलं. पुढचं आपल्याला अंगठ्यावरून माहीतच आहे.

पडताना भोपळ्याचा टवका उडाला आणि आतला करडा दगड दिसला. साहेबांभोवती धावपळ. मुंगी एकटी दगडापाशी बसली होती. त्या करड्या जागेवर बोट फिरवत तिनं मला विचारलं, "काका, मी पाणी घालत होते ते कुठं जात होतं?"

 

दुसऱ्या दिवसापासून मुंगी परत फाटकाचा गज धरून उभी. रडत नाही, नुसती उभी. बाकीच्या पोरांनीही पाणी घालणं सोडलं. बाई डबे भरून ठेवतात, ते तसेच राहतात. पोरं म्हणतात, हे पण खोटं असेल. चावरा मला चावला. बरोबर केलं.

७. त्यानंतर आपलं पत्र आलं. त्यात बाईंना विचारलंय, "सदर सतरा टोमॅटो व एक भोपळा यांची विल्हेवाट कशी लावली?" आणि खाली : वाफ्यावर फरशी टाकावी, चित्रकलेच्या तासाला पाढे घ्यावेत, बाईंची बदली करण्यात येत आहे.

मी तीन वेळा आपल्या कार्यालयात आलो. खिडकीतल्या कारकून साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पहिल्या शेऱ्यात भाजी आहे, दुसऱ्यात दगड आहेत. दोन्ही साहेब चुकीचे असू शकत नाहीत. म्हणजे भाजी होती आणि मधल्या काळात कुणीतरी खाल्ली." मी म्हटलं, अहो, दगडच होते, मी रंगवलेत. ते म्हणाले, "तुम्ही संबंधित नाही." मी खिशातून एक दगडी टोमॅटो काढून खिडकीत ठेवला. त्यांनी तो कागदांवर वजन म्हणून ठेवून घेतला आणि पुढच्याला हाक मारली. तो टोमॅटो अजून तिथंच आहे, साहेब. जाता-येता बघावा. पुरावा म्हणून तेवढाच पुरेसा आहे.

आणि बाईंनी काय उत्तर दिलं? एक ओळ : "वर्ग माझा आहे, जबाबदारी माझी." माझं नावसुद्धा घेतलं नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी समोर जाऊन उभा राहिलो तर म्हणाल्या, "माझं राहू द्या. पोरांना पाणी घालायला लावा. ते तुम्ही मोडलंय."

ते कसं करायचं ते मला कळत नाही. मला लोकांना फसवायचं कसं ते कळतं. विश्वास ठेवायला कसं लावायचं, ते कधी शिकलोच नाही.

८. (इथपर्यंतचा अर्ज काल दुकानात बसून लिहिला. यापुढचा आज, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत, वाफ्यात उभ्यानं, टेलरच्या पाठीवर कागद ठेवून लिहितो आहे. मनगटं सुजली आहेत, अक्षर समजून घ्यावं.)

आज नव्वदावा दिवस. मी हरलो. सकाळी पहिल्या घंटेला टेलरनं माझे हात बांबूला बांधले, शर्टात पेंढा कोंबला आणि मडकं घातलं. सगळी शाळा हसली. चौथीचे सर आज मागच्या दारातून बाहेर आले. इस्त्रीवाला गिऱ्हाइकांना घेऊन बघायला आला. मडक्यावर कावळा बसला, मी हललो नाही. टेलर भोवती फिरून मापं घेत होता, "कंबर जरा सैल आहे, पण उभा छान राहतो!" मी बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

फक्त पहिलीचा वर्ग हसला नाही. बाई पोरांना घेऊन बाहेर आल्या आणि नेहमीसारखंच म्हणाल्या, "आधी बघायचं, मग काढायचं." पोरं कोळसा घेऊन माझ्यापुढं उकिडवी बसली. तासभर त्यांनी मला बघितलं. साहेब, मला कुणी एवढं कधी बघितलेलं नाही.

मुंगी फाटकापाशीच होती. शेवटी आली. तिनं काढलं नाही काही. माझ्या पायाच्या अंगठ्यावर नखानं खरवडून बघितलं, रंग निघतो का. मग गुडघ्यावर. मग गेली, डबा घेऊन आली आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. आणि बसून राहिली, पाणी कुठं जातं ते बघत.

पाणी माझ्या बोटांमधून गेलं, डाव्या पायाशेजारच्या रोपाकडं वळलं आणि जिरलं. ती त्याच्यामागून रांगत गेली. खालचं पान उचललं. आणि तशीच थांबली.

टोमॅटो आहे, साहेब. एक. हिरवा. टेलरच्या मापानं शर्टाच्या बटणाएवढा.

तिनं त्याला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, आणि वर माझ्याकडं बघून विचारलं, "काका, हा तुम्ही तर नाही ना ठेवला?"

बोलायचं नव्हतं. हलायचं नव्हतं. मी एवढ्या जोरात मान हलवली की मडकं पडून फुटलं. टेलर ओरडला, "हलला! हलला! उद्या परत!" आणि ओरडता ओरडता खाली वाकला, गळ्यातली टेप काढली आणि वाकलेलं ते रोप माझ्या पायामागच्या बांबूला अलगद बांधून ठेवलं. त्याच टेपवर त्याचा धंदा चालतो. आज सकाळपासून दोन गिऱ्हाइकं परत गेली, पण तो टेप सोडायला तयार नाही.

चावऱ्यानं डबा उचलला. मग बाकीच्यांनी.

९. तरी आपणांस कळकळीची विनंती की, खालील गोष्टी मंजूर व्हाव्यात. गहाळ टोमॅटो आणि भोपळा माझ्या नावावर लिहून आपल्याला वाटेल ती शिक्षा मला द्यावी, मला कबूल आहे. बाईंची बदली थांबवावी, चित्रकलेचा तास चालू ठेवावा. फरशी महिनाभर पुढं ढकलावी, कारण बाई म्हणतात, टोमॅटो लाल व्हायला तेवढे दिवस लागतील. आणि तोवर आपण स्वतः एकदा यावं, जुने बूट घालून, उंबऱ्यात न थांबता, खाली वाकून बघावं. हात लावायचा असेल तर मुंगीला विचारावं.

ही विनंती मान्य झाली नाही, तर माझी एक अडचण आहे ती सांगून ठेवतो. पैजेच्या अटीप्रमाणे आज मी हललो, म्हणून उद्या शनिवारी मला परत वाफ्यात उभं राहायचं आहे. शनिवारी शेवटच्या घंटेआधी मी एक शब्द बोलणार आहे. म्हणजे सोमवारी परत. सोमवारी एक शब्द, म्हणजे मंगळवारी परत. टेलरनं नियमाप्रमाणे रोज दोरी आणायचं कबूल केलंय आणि इस्त्रीवाला साक्षीला आहे. फरशीवाल्यांना माझ्या पायांच्या भोवतीनं फरशी बसवावी लागेल, आणि माझ्या डाव्या पायाशेजारी एक वीतभर जागा सोडावी लागेल. रोज काय बोलायचं, ते महिनाभराचं ठरलेलं आहे. एकच शब्द आहे. ज्या पोरीला तो ऐकायचा आहे, तिला मी तो आजवर एकदाही म्हटलेला नाही. चुकलो.

घंटा झाली. टेलर दोरी घेऊन उभा आहे आणि सगळी शाळा परत बाहेर येते आहे. आता लिहिता येणार नाही.

आपला, दोन्ही हात पसरून उभा,
पेंटर
(सही टेलरच्या पाठीवरच केली, म्हणून वाकडी)

दिनांक : पैजेचा नव्वदावा दिवस, शुक्रवार
ठिकाण : पहिलीच्या वर्गामागचा वाफा

सोबत :
१) दगडी टोमॅटो, नग एक. चावू नये.
२) चावऱ्याचा दुधाचा दात. पाहून परत करावा, तो रोज विचारतो.
३) मुंगीनं काढलेली भोपळ्याची चित्रं, अठरा. पहिल्या पानापासून क्रमानं बघावीत, दगड कुठं बदलला ते कळेल.
४) अर्जदाराचं बुजगावण्याच्या वेशातलं चित्र, काढणारे पहिलीचा अख्खा वर्ग. त्यात उजेड बरोबर बाजूला आहे.